मारीच देशी आठ दिवस

या सदरात नेहमी भूमच्या बाजाराची, खव्याच्या भट्ट्यांची आणि आमच्या ओसरीची हकीकत येते. एखादे वेळी द्वीपांतराची हकीकतही येऊ द्या, असे काही वाचकांनी पत्राने सुचविले आहे. तशी हकीकत घडून गेलेली आहे. 2022 सालच्या दिवाळीनंतर आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई व नातू असे पाच जण आठ दिवस मॉरिशस बेटावर राहून आलो. ती लिहून काढण्यास इतका विलंब का लागला, ते पुढे ओघाने येईलच.

चिरंजीवांच्या मनात प्रथम कॅरिबियन समुद्रातील एखादे बेट होते. त्यांच्या कचेरीतील कोणी तेथे जाऊन आले होते, आणि त्यांनी आणलेली निळ्या पाण्याची चित्रे पाहून सूनबाईंचेही मन तिकडे ओढले होते. परंतु तितका लांबचा प्रवास माझ्या गुडघ्यांना व तितका खर्च त्यांच्या पगाराला झेपणारा नाही, असे हिशेबाअंती ठरले आणि हिंदी महासागरातील बेटावर समाधान मानण्यात आले. निळे पाणी दोहीकडे सारखेच, असे सूनबाई म्हणाल्या. दोहीकडे आणखीही एक गोष्ट सारखीच आहे, हे त्या वेळी आम्हांपैकी कोणासच ठाऊक नव्हते.

आमच्या घराण्यात समुद्र ओलांडणारा मी पहिलाच. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात पतनीय कर्मे सांगितली आहेत, त्यांत समुद्रसंयान आहे. पुढे निबंधकारांनी ते कलिवर्ज्यात घालून अधिकच घट्ट केले. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेस गेल्या, रामकृष्णपंत भांडारकर 1886 साली व्हिएन्नास प्राच्यविद्या परिषदेला गेले, तेव्हा या विषयावर महाराष्ट्रात केवढी शाई खर्ची पडली असेल! माझ्या वडिलांनी हा भाग मला शिकविताना पुस्तक मिटून एवढेच म्हटले होते की, 'आपल्याला त्याची काळजी नको. आपल्याला बार्शीपर्यंत जायलाही भाडे जमत नाही.' निघण्यापूर्वी मी हा विषय घरात काढला, तेव्हा आमच्या सौ.ने विचारले, 'विमानातून गेले तर ते समुद्रसंयान कसे? समुद्राला आपला पायही लागणार नाही.' बौधायनापाशी याचे उत्तर नाही, माझ्यापाशीही नव्हते.

आम्ही निघालो तो दिवस भाऊबिजेनंतरचा दुसरा. पहाटे गावाबाहेर येतो तो रस्त्याच्या कडेला मालमोटारी व ट्रॅक्टर रांगेने उभे. आमच्या तालुक्यास हे दृश्य नवीन नाही. दिवाळी झाली की बालाघाटावरील वाड्यावस्त्यांतून माणसे ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. भांडीकुंडी, पाण्याची पिंपे, पांघरुणांची गाठोडी, शेळ्या, आणि या सर्वांच्या वर बसलेली पोरे. नवराबायको मिळून जे जोडपे ऊस तोडते त्याला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. दोन जीवांना मिळून एका हत्याराचे नाव देणारा हा शब्दप्रयोग मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. त्यात काही लागण्यासारखे आहे, असे मला कधी वाटले नव्हते. त्या पहाटेही वाटले नाही. आमच्या गाडीत चाकांच्या पेट्या होत्या, त्यांच्या मोटारीत गाठोडी होती. दोघेही गाव सोडून निघालो होतो. चिरंजीवांनी भोंगा वाजविला, त्यांनी वाट दिली, आम्ही पुढे गेलो.

मुंबईहून विमानाने सहासात तासांत बेट येते. घड्याळ दीड तास मागे करावे लागते. विमानतळावरून मुक्कामाकडे जाताना मी खिडकीशी बसलो होतो. समुद्र केव्हा दिसतो म्हणून नातू अधीर झाला होता. पण समुद्र दिसेना. रस्त्याच्या डाव्या बाजूस ऊस, उजव्या बाजूस ऊस, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस. 'आजोबा, हे तर आपल्याकडचेच आहे,' असे नातू खट्टू होऊन म्हणाला. शेतांमधून मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसत. दगड अगदी आमच्या बालाघाटाचा, तोच काळा अग्निजन्य पाषाण. कोणी जुने देवालय पडून त्याचे हे ढिगारे झाले असावेत, असा मी तर्क केला. तो किती चुकीचा होता ते चार दिवसांनी कळले.

समुद्राविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, नाही तर सूनबाई रागावतील. बेटाभोवती प्रवाळांचा बांध आहे. लाटा त्या बांधावर दूर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. मोरचूद पाण्यात विरघळवावा तसा त्याचा रंग. आमच्या सौ.ने आयुष्यात चंद्रभागा, गोदावरी व घरची विहीर याखेरीज स्नान केलेले नव्हते. पहिल्या दिवशी काठावर बसून पायच भिजविले. तिसऱ्या दिवशी नऊवारीचा कासोटा घट्ट करून नातवाचा हात धरून त्या छातीइतक्या पाण्यात उभ्या होत्या आणि मला हाका मारीत होत्या. इतके मोकळे हसू मी त्यांच्या तोंडावर पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते. सहलीचा सर्व खर्च तेथेच फिटला, असे मी चिरंजीवांना सांगितले. चामारेलची सप्तरंगी माती, धबधबे, कासवे इत्यादी पाहिले. त्यांचे वर्णन कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल.

मला मौज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर असल्याने त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो व सावली दक्षिणेस पडते. ध्रुव तर क्षितिजाखालीच, उगवतच नाही. ज्या ताऱ्याचे नाव आपण अढळपणासाठी घेतो, तो तेथे मुळी नाहीच. पहिल्या सकाळी संध्येस बसलो आणि संकल्पात देशाचा उच्चार आला. जिभेने सवयीने गोदावरीचे दक्षिण तीर म्हटले आणि मी थांबलो. हे भरतवर्ष नव्हे, दंडकारण्य नव्हे, गोदावरी तर नव्हेच. मग मी आहे तरी कोठे? मी पुन्हा पहिल्यापासून म्हटले आणि समुद्रमध्यस्थ द्वीप एवढे मोघम बोलून वेळ निभावून नेली. पण ज्यांना येथे आठ दिवस नव्हे, साऱ्या पिढ्या काढाव्या लागल्या, त्यांनी काय म्हटले असेल, हा विचार मनातून जाईना.

2 नोव्हेंबरला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आम्ही पोर्ट लुई ही राजधानी पाहण्यासाठी भाड्याची मोटार ठरविली होती. सारथी पन्नाशीचे गृहस्थ. मी चिरंजीवांशी मराठी बोलताना ऐकून त्यांनी मोटार चक्क कडेला घेतली आणि मागे वळून म्हणाले, 'आपण महाराष्ट्रातून आला आहात काय? मी मराठी आहे.' त्यांचे मराठी शाळेतील पाठ्यपुस्तकासारखे, प्रत्येक अक्षर पुसून मांडलेले. घरात ते तेथील क्रिओल बोली बोलतात. मराठी शाळेत शिकले. त्या बेटावर सरकारी शाळांतून मराठी शिकविले जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि कोकणातील जाखडी नाच तेथे 'झाकरी' या नावाने गणपतीपुढे होतो. आडनाव विचारले, तर त्यांनी सांगितले ते आपल्याकडे पाळण्यात ठेवायचे साधे नाव. पणजोबांचे एकेरी नाव सरकारी पटावर चढले, तेच पुढे सर्व वंशाचे आडनाव झाले. मूळचे आडनाव काय होते ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

'आपली हरकत नसेल तर प्रथम घाटावर जाऊ, मला फुले वाहायची आहेत,' असे ते म्हणाले. हरकत कसली! बंदराशी काळ्या दगडांचे एक जुने आवार आहे. त्याला आप्रवासी घाट म्हणतात; पूर्वीचे नाव कुली घाट. 1849 सालापासून हा तळ उभारण्यात आला, आणि 2006 साली युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. 1834 साली याच तारखेस 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन या बंदरात लागले. लगेच तीन महिन्यांनी, 1 फेब्रुवारी 1835 रोजी, बेटावरील दास्य कायद्याने संपले. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, ती हिंदुस्थानातून येऊ लागली. करार पाच वर्षांचा, वेतन दरमहा पाच रुपये व शिधा. 1920 पर्यंत जवळजवळ पाच लक्ष माणसे या घाटावर उतरली. बहुतेक बिहार व संयुक्त प्रांताकडील आणि मद्रासकडील. पण रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचे आपले लोकही मुंबई बंदरातून गेले. मॉरिशसचा हा प्रयोग मळेवाल्यांच्या दृष्टीने यशस्वी ठरला, म्हणून 1838 साली ब्रिटिश गयानाकडे व 1845 साली जमैका आणि ट्रिनिदादकडे तशीच जहाजे सुटली. म्हणजे सूनबाईंनी ज्या कॅरिबियन समुद्राची चित्रे पाहिली होती, त्याच्या काठीही हाच घाट होता. समुद्र टाळता आला, घाट टाळता आला नाही.

'आप्रवासी' या शब्दाशी मी बराच वेळ थांबलो. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून दूर राहणे. ज्याचा नवरा असा दूर राहिला आहे तिला प्रोषितभर्तृका म्हणतात आणि तिच्या डोळ्यांना खळ नसतो. मराठीत आपण त्या शब्दातील राहणे काढून टाकले व जाणे-येणे तेवढे ठेवले. मी केला तो मराठी प्रवास. त्या पायऱ्या ज्यांनी चढल्या, त्यांचा संस्कृत.

फुले वाहून झाल्यावर सारथी महाशयांनी मोटारीच्या खणातून एक कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवलेली आहेत. तेथून त्यांनी पणजोबांच्या नोंदीची नक्कल मिळविली होती. क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव, कोणत्या मळ्यावर पाठविले ते. डाव्या भुवईवर व्रण. जिल्हा सातारा हे स्पष्ट होते. गावाचे नाव मात्र कोणा गोऱ्या कारकुनाने कानाला लागले तसे रोमन अक्षरांत लिहिलेले. ते वडगाव असेल, वाडेगाव असेल, ओडगावही असेल. 'गुरुजी, आपण शिक्षक आहात. हे गाव कोठे आहे ते सांगू शकाल काय?' असे विचारून ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. महाराष्ट्रात वडगावे किती आहेत, हे त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगावे? शोध करीन, असे वचन देऊन कागद उतरून घेतला.

परतताना उसातले ते काळे ढीग दाखवून मी माझा देवालयाचा तर्क सांगितला. ते हसले. मॉरिशस हे नाव हिंदुस्थानातील खेड्यांत पोहोचता पोहोचता 'मारीच देश' झाले होते. तेथील दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी थाप दलाल भोळ्या माणसांना देत. 'आमच्या आजोबांच्या बापांनी सगळे दगड उलटले. हे त्यांचेच ढीग.' शेते मोकळी करण्यासाठी मजुरांनी हातांनी उचलून रचलेले ते दगड होते. मारीच! ज्याने सोन्याचे हरीण होऊन रामाला दूर नेले, त्याचेच नाव. रामायणाची पोथी गाठोड्यात बांधून आलेल्या त्या लोकांना हा योग दिसला नसेल, असे मला वाटत नाही. चोहीकडे पाणी असल्यावर दिसून तरी काय उपयोग!

पुढचे त्यांनी मोटार हाकता हाकता सांगितले. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांचे वेतन कापीत. 1867 च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्राचे तिकीट जवळ बाळगावे लागे, नाही तर पोलीस धरीत. 1871 साली प्लेवित्झ नावाच्या एका युरोपियन गृहस्थाने 9,401 जुन्या मजुरांचा अर्ज सरकारकडे नेला, तेव्हा कोठे चौकशीला आयोग आला. हिंदुस्थानात ही प्रथा बंद करावी असा ठराव आपल्या गोपाळराव गोखल्यांनी 1912 साली वरिष्ठ कायदेमंडळात मांडला आणि सरकारी मतांनी तो पाडला, एवढी भर मी घातली. दोन दिवसांच्या त्या कपातीपाशी मात्र माझे मन अडकून पडले. आमच्याकडे त्याला 'खाडा' म्हणतात. कोयत्याचा खाडा पडला की मुकादम दिवसाच्या कमाईहून अधिक रक्कम उचलीतून कापतो, असे मी पालकांच्या तोंडून ऐकलेले होते. ऐकत होतो आणि हजेरी घेत होतो.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. 1996 च्या सुमारास माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव देत नाही. सुभाषित एकदा ऐकले की त्याला पाठ; संधी सोडविण्यात तर माझ्याआधी हात वर. दिवाळीची सुट्टी संपली, तो आला नाही. महिनाभर मी त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली, आणि मग नियमाप्रमाणे नाव कमी केले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: स्थलांतर. कोठे, कोणाबरोबर, कोणत्या कारखान्यावर, परत केव्हा, काही नाही. तो रकाना एवढासा होता हे खरे; पण समासात जागा होती. त्या मुलास गावात आजीपाशी ठेवून घ्या, असे सांगण्यासाठी त्याची वाडी आमच्या शाळेपासून दीड कोसही नव्हती. मी गेलो नाही. पुढे आमच्या भागात हंगामी वसतिगृहे निघाली, साखरशाळा निघाल्या. तोवर तो मोठा झाला होता. परक्या सरकारने आपल्या हिशेबासाठी का होईना, एका कुणब्याच्या भुवईवरचा व्रण लिहून ठेवला, आणि त्यावरून दीडशे वर्षांनी त्याचा पणतू गाव शोधीत आहे. मी त्या मुलाचा गुरू. माझ्या पटावरून त्याला कोण शोधणार?

त्या दिवशी पोर्ट लुईच्या बाजारात आम्ही धोल पुरी खाल्ली. डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, वर रस्सा व लोणचे. 'गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी,' असा सौ.चा अभिप्राय पडला, आणि सारथी महाशयांनी तो आपल्या वहीत टिपून घेतला.

4 नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आली. उपाहारगृहात फराळाची पंचाईत होईल म्हणून सौ.ने साबुदाणा व दाण्याचे कूट घरूनच बांधून घेतले होते. टापिओकाचा जो कंद किसून साबुदाणा होतो, तो मूळचा ब्राझीलच्या बाजूचा. लाबुर्दोने नावाच्या फ्रेंच गव्हर्नराने तो अठराव्या शतकात मॉरिशसमध्ये मुद्दाम आणून लावला. बटाटा, शेंगदाणा, रताळे, हिरवी मिरची हीही सगळी त्याच पश्चिम समुद्रापलीकडची. एकादशीचे आमचे सबंध ताट असे समुद्रगमन करून आलेले आहे. त्याला कोणी प्रायश्चित्त दिल्याचे ऐकिवात नाही. हे मी सौ.ला सांगितले. त्यांनी ताट माझ्यापुढे सरकविले व म्हटले, 'म्हणूनच गोड लागते.'

परत आल्यावर साताऱ्याकडील माझ्या दोन जुन्या शिक्षकमित्रांना पत्रे घातली. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याने फार खटपट केली; पाच-सहा गावांच्या ग्रामपंचायतींत व म्हाताऱ्यांपाशी चौकशी केली. उसासाठी समुद्रापार गेलेल्या कोणाची आठवण एकाही गावात निघाली नाही. तशी आठवण निघाली की मग लिहू, म्हणून हा लेख राहिला होता. शेवटी मी सारथी महाशयांना सर्व गावांची नावे व वाटा लिहून पाठविल्या आहेत. पुढेमागे ते येणार आहेत.

दुसरे काम मात्र झाले. वाडीवर जाऊन त्या मुलाच्या चुलत्याकडून त्याचा दूरध्वनी क्रमांक मिळविला. आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. बायकोसह कर्नाटकात एका कारखान्याच्या फडावर होता. मी नाव सांगताच त्याने 'नमस्कार गुरुजी' म्हटले, जणू कालच शाळा सुटली आहे. मी माफी मागणार होतो. ते शब्द ओठांवर आले नाहीत. मुले कोठे आहेत म्हणून विचारले. धाकटी आजीपाशी आहे, थोरला बरोबर आहे, असे त्याने सांगितले. मग काहीतरी बोलावे म्हणून मी मॉरिशसची हकीकत सांगू लागलो.

'गुरुजी, तिथं आता ऊस कोण तोडतंय?' त्याने मध्येच विचारले.

पुष्कळ ठिकाणी यंत्रे तोडतात, असे मी म्हटले.

'मग तोडणारी माणसं कुठं गेली?'

मी त्याला मोटारवाल्या गृहस्थांविषयी सांगितले, शाळांविषयी सांगितले, त्या बेटाचे पहिले पंतप्रधान अशाच एका मजुराचे पुत्र होते तेही सांगितले. तो ऐकत होता. मागे पाचटाचा खसखसाट येत होता व कोणी पोर मोळी उचलताना मोजीत होते. 'ह्ये निवांत सांगा, गुरुजी,' तो म्हणाला, 'गाडी भरायची हाय.' आणि फोन बंद झाला.